खान्देशच्या उन्हात कोणती फुलं टिकतात? आपापले अनुभव लिहा

अंगणवेल (जळगाव)

होळी जवळ आली की आमच्या कॉलनीत रोपांची हातगाडी फिरू लागते. पिटुनिया, डेलिया, टपोरे गुलाब, सगळं अगदी फुललेलं. लोक हौसेनं पाच-सहा पिशव्या घेतात आणि आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) कुंड्यांत नुसत्या काड्या उरतात. मग ठरलेलं वाक्य, "आपल्याकडे काही येतच नाही बुवा."

येतं हो, सगळं येतं. पुण्या-नाशिकचं वेळापत्रक तेवढं इथे चालत नाही. तिकडचे व्हिडिओ सांगतात, "झाडाला भरपूर ऊन द्या." आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, ऊन द्यायचं कसलं, अडवायचं कसं ते सांगा.

माझं म्हणणं एवढंच, की इथलं कुंडीतलं झाड वरून जळण्याआधी खालून शिजतं. दुपारी मान टाकलेलं पान संध्याकाळी परत उभं राहतं. पण पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली कुंडी तापली, की कडेची बारीक मुळं मरतात, आणि पाणी ओढतात ती हीच मुळं. मग आपण झाड सुकलं म्हणून आणखी पाणी ओततो आणि उरलेली मुळं कुजवतो. म्हणून मार्च लागला की मी खतांचा विचार बाजूला ठेवते आणि कुंड्या हलवते. भिंतीपासून दीड हात लांब, एकमेकींना खेटून, मोठी झाडं पश्चिमेला आणि लहान त्यांच्या सावलीत. नाजूक झाडाची कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधे ओली वाळू भरते. मातीच्या कुंडीला ऑइलपेंट अजिबात लावत नाही. गेरू चालतो. ऑइलपेंटनं छिद्रं बुजतात आणि माठासारखा जो गारवा मिळायचा तो मिळत नाही. (दिवाळीला कुंड्या चकचकीत दिसाव्यात म्हणून रंग देणाऱ्या घरात माझी एक नणंद आहे, त्यामुळे हे वाक्य जपून लिहिलंय.)

आता आवडतं फूल. माझं मोगरा. उन्हाळ्यात सगळी बाग गप्प असते तेव्हा हा एकटा बोलत असतो. त्याचं ऐन भराचं तोंड आणि आखाजी एकाच वेळी येते. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, अशा वेळी घरचा गजरा असला की बाजारात जावं लागत नाही.

तुमच्याकडे मेमध्ये काय टिकतं, काय फुलतं, आणि कशाच्या नादी लागू नये, ते लिहा. शक्यतो गाव लिहा. जळगावचं ऊन आणि डोंगरावरच्या तोरणमाळचं ऊन सारखं नसतं.

तापीकाठ (भुसावळ)

ताई, चांगला विषय काढलात. आम्ही भुसावळकर उन्हाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही हे आधीच सांगतो.

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये नोकरी सरली. तिथे दोनच गोष्टी न मागता वाढायच्या, कण्हेर आणि बोगनवेल. निवृत्तीनंतर घर बांधलं तेव्हाही कुंपणाला हीच लावली. बोगनवेलीला लोक पाणी घालून घालून नासवतात. भरपूर पाणी दिलं की ती नुसती पानांनी माजते. तिला तहानलेली ठेवा, माती पार कोरडी झाल्यावरच पाणी द्या, मग बघा रंग. आपण ज्याला फूल म्हणतो ती तिची रंगीत पानंच असतात, खरं फूल मधलं बारीक पांढरं. म्हणून तर तो रंग उन्हात महिनाभर टिकतो.

कण्हेरीबद्दल एक सावधगिरी. झाडाचा प्रत्येक भाग विषारी, पान, फूल, काडी सगळं. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिच्या बिया तर फारच घातक. लहान मुलं त्या खेळायला घेतात. घरात लेकरं किंवा शेळी असेल तर बिट्टी लावूच नका. छाटणीच्या काड्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, धूरही बाधतो.

केळीबाग (फैजपूर)

मोगराले ऊन लागस, पण पानी मापमा लागस. तुम्ही लोके रोज पानी घालतस, मंग फुलं कोठून येतीन?

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आम्ही लिंबाला, डाळिंबाला ताण देतो की नाही? पाणी तोडायचं, झाडाला विसावा द्यायचा, मग छाटून, खत घालून पाणी सोडायचं, म्हणजे बहर एकदम फुटतो. मोगऱ्याचंही गणित तेच. डिसेंबरच्या शेवटी-शेवटी पाणी कमी करत जा. जानेवारीत पूर्ण तोडा. कुंडीतला मोगरा आठ-दहा दिवसांत मलूल होतो, जमिनीतल्याला काळ्या मातीत दोन-तीन आठवडे लागतात. पानं पिवळी पडून गळायला लागली की छाटा. भित्रेपणानं शेंडे खुडू नका, चांगला निम्मा छाटा, वाळलेल्या आणि आत घुसलेल्या काड्या काढून टाका. उरलेली पानंही हातानं ओरबाडली तरी चालतात. मग कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि भरपूर पाणी. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवरच येते, जुन्या काडीवर नाही. फूट जितकी जास्त तितकी फुलं जास्त. मार्चपासून कळ्या.

पहिला भर ओसरला की पुन्हा शेंडे थोडे छाटायचे, दुसरा भर येतो. पावसाळ्यात मात्र त्याला एकटं सोडा.

गच्चीबहाद्दर (जळगाव)

केळीबाग भाऊ, हा ताण गच्चीवर द्यायची भीती वाटते. झाड गेलं तर?

माझा मुद्दा पाण्याचा आहे. आमच्याकडे नळ रोज येत नाही, बोअरचं पाणी खारं. म्हणून मी उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी आणि आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालतो. पाणी वाचतं. तरी जास्वंदीची पानं कडेनं करपतात आणि कुंडीच्या बाहेरून पांढरा थर येतो. बुरशी आहे का?

अंगणवेल (जळगाव)

बुरशी नव्हे, क्षार. आणि हे खान्देशातल्या निम्म्या घरांत होतं, कारण निम्म्या घरांत कूलर आहे.

कूलरमध्ये पाण्याची वाफ उडून जाते, क्षार टाकीतच राहतात. आपण वरून पुन्हा बोअरचं पाणी भरतो, पुन्हा वाफ, पुन्हा क्षार. आठवड्यानं टाकीच्या तळाशी जे पाणी असतं ते मूळ बोअरपेक्षा कितीतरी खारट. आरओचंही तसंच. गोड पाणी आपल्या ग्लासात येतं आणि मागे राहिलेले क्षार नळीतून बाहेर पडतात. हे पाणी फेकून देऊ नका, पण जास्वंद, गुलाब, सोनचाफा, मोगरा यांना नको. कण्हेर, बोगनवेल त्यातल्या त्यात सोसतात, त्यांनाही साध्या पाण्यात मिसळून द्या. नाहीतर अंगण धुवा, गाडी धुवा.

एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी मात्र फुलझाडांना उत्तम. ती हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. बादली लावून ठेवा आणि ती सोनचाफ्याला द्या, पावती लगेच मिळते.

साचलेले क्षार घालवायचा खरा उपाय पाऊसच. पहिले दोन-तीन दणदणीत पाऊस कुंड्यांवर पडू द्या, पत्र्याखाली दडवू नका. त्याआधी कुंडीचं खालचं भोक मोकळं आहे ना ते काडीनं बघा. पाणी खालून वाहून गेलं तरच क्षार जातील.

पांझराकर (धुळे)

मी थोडा विरोधात लिहितो. सगळे उन्हाळ्याबद्दलच बोलताहेत. आमच्या धुळ्याची थंडी विसरलात काय? जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा वर्तमानपत्रात आमचंच नाव असतं. ही थंडी म्हणजे बागवाल्याला लॉटरी आहे. मुंबई-कोकणातल्या लोकांना पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, कॅलेन्डुला, हॉलीहॉक यांच्यासाठी जी कोरडी थंडी लागते ती मिळत नाही. आपल्याला फुकट मिळते.

ताईंनी सांगितलेल्या हातगाडीचा घोळ हाच आहे. ही सगळी थंडीची फुलं. होळीला विकत घेणं म्हणजे लग्न लागून गेल्यावर अक्षता टाकायला जाणं. नवरात्राच्या आसपास बी पेरा, दिवाळीला रोप कुंडीत लावा, नाताळापासून शिमग्यापर्यंत रंग बघा. मग काढून टाका आणि दुःख करू नका. ती हंगामी झाडंच आहेत.

माझं लाडकं फूल शेवंती. हिच्याबद्दल एक गंमत सांगतो, शेजाऱ्यांचं आणि माझं यावरून बरंच बोलणं झालं. त्यांची आणि माझी शेवंती एकाच आईची काडी. माझी नोव्हेंबरात कळ्यांनी भरली आणि त्यांच्या गॅलरीतली नुसती हिरवीगार. खत तेच, माती तीच. फरक एवढाच की त्यांच्या गॅलरीसमोर रस्त्यावरचा मोठा दिवा. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते. रात्रभर उजेड पडला तर तिच्या हिशेबी दिवस लहान झालेलाच नसतो. कुंडी मागच्या अंगणात नेल्यावर फुलली. पॉइन्सेटिया लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, त्याचंही असंच आहे.

खान्देशकन्या (मूळ अमळनेर, सध्या पुणे)

वाचून घरची आठवण आली. आमचं धाब्याचं घर होतं, अंगणात तुळशीवृंदावन आणि त्याच्या भोवती गुलबक्षी. तिला कुणी लावलं नव्हतं, पाणी कुणी घालत नव्हतं. उन्हाळ्यात वरचा पाला मरायचा, जमिनीत गाठ राहायची, मृगाच्या पावसात पुन्हा वर. दुपारी चारच्या पुढे उमलायची म्हणून आजी घड्याळाऐवजी तिच्याकडे बघून चहा टाकायची. पिवळ्या झाडावर एखादं फूल अर्धं गुलाबी यायचं, त्याच्यासाठी आम्हा पोरींची मारामारी. गुलाबाईच्या (मुलींच्या सणाच्या) दिवसांत तर रोज तीच फुलं वाहायची, फुकटची आणि भरपूर.

आता पुण्यात नर्सरीत तिचं रोप पैसे देऊन मिळतं हे पाहून काय वाटलं ते लिहीत नाही.

गच्चीबहाद्दर (जळगाव)

@अंगणवेल ताई, कूलरचं पाणी बंद केलं. आता दुसरं. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी आहे आणि मुंग्यांची रांग. नवीन पानं वाकडी होतात.

केळीबाग (फैजपूर)

पिठ्या ढेकूण. तुमच्या इमारतीच्या मागे कपाशीचं शेत किंवा मोकळा प्लॉट आहे का?

गच्चीबहाद्दर (जळगाव)

मोकळा प्लॉट आहे, गाजर गवतानं भरलेला. कपाशी जरा पुढे.

केळीबाग (फैजपूर)

मग शोधायला लांब जायला नको. कपाशीवर येतो तोच पिठ्या ढेकूण जास्वंदीवर येतो, दोन्ही एकाच कुळातली. कपाशी निघाली की तो गाजर गवतावर मुक्काम करतो आणि तिथून तुमच्या गच्चीवर. वारा, मुंग्या, आपले कपडे, कशावरूनही येतो. मुंग्यांना त्याचा गोड चिकटा हवा असतो म्हणून त्या त्याची राखण करतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात. म्हणून आधी मुंग्या बंद करा.

काय करायचं: जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, प्लॉटवर भिरकावू नका. बाकी झाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, पानांच्या खालून. मग निंबोळी अर्क. पाच टक्के म्हणजे लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून, फडक्यानं गाळून, त्यात थोडा साबणाचा चुरा. संध्याकाळी फवारा. आठवड्यानं परत. त्याच्या अंगावर मेण असतं, त्यामुळे एका फवाऱ्यात तो जात नाही, चिकाटी लागते. निंबोळ्या विकत कशाला घेता, जूनमध्ये गावातल्या प्रत्येक कडुलिंबाखाली सडा पडलेला असतो. वाळवून डब्यात भरून ठेवा.

आणि जाता जाता, केळीच्या मळ्याला लागून घर असेल तर अंगणात काकडी, दोडका, भोपळ्याच्या वेली सोडू नका. त्यांच्यावरचा मावा केळीत मोझॅक (विषाणूचा रोग) आणतो. रावेर-यावलच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण प्लॉट घेऊन नवीन राहायला आलेल्यांना सांगावं लागतं.

नुसताच_वाचक (पारोळा)

सगळं छान. पण ज्या गावात मेमध्ये टँकरची वाट बघतात तिथे गुलाबाला पाणी घालणं बरं दिसतं का? चार महिने माणसांनाच पुरत नाही.

तापीकाठ (भुसावळ)

बरं दिसत नाही, खरंय. म्हणूनच मी कण्हेर आणि बोगनवेल म्हणालो.

अंगणवेल (जळगाव)

प्रश्न रास्त आहे, त्याला हसून टाळणार नाही. ज्या घरी पिण्याचं पाणी मोजून येतं तिथे मीसुद्धा नवीन झाड लावणार नाही. पण असलेली झाडं जगवायला लागतं ते पाणी आपण समजतो त्यापेक्षा फार कमी आहे. आपण नळी हातात धरून पानं, भिंत आणि फरशी भिजवतो. मुळाशी जातं त्यातलं थोडंच.

जळगाव म्हणजे ठिबकचं गाव, आणि इथल्याच घरांत पाइपनं अंगण झोडपतात याचं मला नवल वाटतं. शेतातली उरलेली १६ मिलीमीटरची नळी, त्याला बारीक मायक्रोट्यूब, प्रत्येक कुंडीत एक ड्रिपर, आणि वर ठेवलेली एक टाकी. मोटर लागत नाही. तेवढं पहाटे चालवा. दुपारी चालवाल तर काळ्या नळीत साचलेलं पाणी चहाइतकं गरम असतं आणि पहिलं तेच मुळांवर जातं. हाताने पाणी घालणाऱ्यांनीही पाइपमधलं पहिलं पाणी बादलीत सोडावं.

माती झाकली की आणखी वाचतं. आमच्याकडे भुईमुगाची टरफलं स्वस्त, केळीची वाळलेली पानं फुकट. चार बोटं थर. कपाशीच्या पऱ्हाट्या (वाळलेल्या काड्या) मात्र बारीक करून आच्छादनाला वापरू नका, त्यात गुलाबी बोंडअळीचा मुक्काम असू शकतो, आणि शेजारी शेत असेल तर त्या शेतकऱ्याशी ते वैर.

सातपुड्यातून (तळोदा)

मी वेगळ्याच बाजूनं लिहितो. माझी शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. इथे मार्चमध्ये पाणी घालून काही फुलवावं लागत नाही. पळस पेटलेला असतो, काटेसावर तांबडी झालेली असते, मग एप्रिल-मेमध्ये बहावा. एकालाही पान धड नसतं तेव्हा फूल असतं. उन्हाळा हा इथल्या झाडांचा फुलायचा हंगाम आहे, आपल्या कुंडीतल्या पाहुण्यांना तो सोसत नाही एवढंच.

आणि मोह. याच्या फुलाला कुणी बागेत लावत नाही, हार करत नाही. पण माझ्या वर्गातली मुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फूल रात्री उमलून पहाटे गळतं, मांसल, गोड. वेचायचं, वाळवायचं, वर्षभर वापरायचं. त्या दिवसांत हजेरीपटावर लाल रेघा वाढतात आणि मी त्याबद्दल फार ओरडत नाही. आवडतं फूल विचारलंत म्हणून सांगितलं.

प्लॉट मोठा असेल तर दारात एक बहावा लावा. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी, पुढे तो तुमच्याकडे काही मागणार नाही. बी टणक असतं. कोमट पाण्यात भिजवण्याआधी कवच दगडावर थोडं घासून घ्या, तरच उगवतं.

पांझराकर (धुळे)

गुरुजी, बहाव्याला अनुमोदन. आमच्या वसाहतीत दोन आहेत, मेमध्ये लोक गाडी थांबवून फोटो काढतात.

खान्देशकन्या (मूळ अमळनेर, सध्या पुणे)

गुलाबाबद्दल कुणी काहीच नाही? आईच्या अंगणात कलमी गुलाब होता, लाल. दोन वर्षांनी त्याला आपोआप लांब लांब काटेरी फांद्या आल्या आणि लाल फूल बंद. आई म्हणते झाड "रानटी झालं". सात पानं आली की रानटी, पाच असली की चांगलं, असं ऐकलंय.

अंगणवेल (जळगाव)

पानं मोजत बसू नका. चांगल्या गुलाबालाही कधी सात पानं येतात. बुंध्याशी बसा आणि डोळा भरलेली, म्हणजे कलम जोडलेली जागा शोधा, तिथे गाठ असते. त्या गाठीच्या खालून जे फुटतं ते खालच्या रानगुलाबाचं, वरून फुटतं ते आपलं. खालचा फुटवा कात्रीनं कापू नका, माती उकरून मुळाशी पकडून हिसडून काढा. कापला तर एकाचे तीन होतात. तो जोमदार असतो, त्याला ठेवला की सगळं अन्न तोच खातो आणि वरचं कलम उपाशी मरतं. आईच्या झाडावर गाठीच्या वर एखादी हिरवी काडी उरली असेल तर अजून आशा आहे.

एरवी खान्देशात गुलाबाची मोठी छाटणी दसरा-दिवाळीच्या दरम्यान. दीड महिन्यात फुलं. उन्हाळ्यात त्याच्याकडून फुलं मागायचीच नाहीत. कळ्या खुडा, सावलीत ठेवा, जगू द्या. नव्या माणसानं कलमी गुलाबाऐवजी गावठी गुलाबी घ्यावा. फूल लहान, पण वास खरा, आणि काडी लावली तरी येतो.

गच्चीबहाद्दर (जळगाव)

सोनचाफ्याचं पण सांगा. नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोखंडाचे खिळे मातीत टाका म्हणून एकानं सांगितलं, टाकले. हिराकस (लोहाचं सल्फेट) टाका म्हणून दुसऱ्यानं सांगितलं, टाकला. फरक नाही.

केळीबाग (फैजपूर)

लोह कमी पडतंय, निदान बरोबर आहे. औषध चुकतंय. आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर, वरून बोअरचं पाणीही चुन्याचं. अशा मातीत लोह असतं, पण मुळाला घेता येईल अशा रूपात राहत नाही. हिराकस टाकला की तोही थोड्याच दिवसांत बांधला जातो. खिळा गंजायला वर्षं लागतात आणि गंज झाडाच्या उपयोगाचा नाही. कृषी केंद्रात चिलेटेड लोह (मुळाला घेता येईल अशा रूपात राखलेलं) मिळतं, त्यात ईडीडीएचए लिहिलेलं मागा. ईडीटीए स्वस्त असतं पण चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या वर जाऊ नका. आणि एसीचं पाणी सुरू ठेवा. पाणी बदललं नाही तर दर दोन महिन्यांनी हाच प्रश्न विचाराल.

सोनचाफा काळ्या मातीत थेट लावला असेल तर निचराही बघा. आपली माती पावसाळ्यात फुगून चिकट होते, पाणी धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, त्यात मुळं तुटतात. तापीची वाळू आणि शेणखत मिसळून उंचवट्यावर लावलेला चाफा टिकतो.

तापीकाठ (भुसावळ)

गच्चीवाल्यांनी एवढी यातायात करण्यापेक्षा ऑफिस टाइम (चिनी गुलाब) लावावा. सकाळी उन्हं आली की उमलतो, दुपारी मिटतो. जाड पानांचा, काडी खोचली की लागतो. सदाफुलीही तशीच. गाईसुद्धा तोंड लावत नाही तिला. आणि रक्ताच्या कर्करोगावर दिलं जाणारं विन्क्रिस्टीन हे औषध तिच्यापासूनच मिळतं, म्हणून आमची सौ. तिला मान देऊन वेगळ्या कुंडीत ठेवते. (पानं चावून खाऊ नका, तसं औषध होत नाही, उलट विष आहे.)

नुसताच_वाचक (पारोळा)

वाचता वाचता एक मोगरा लावावा असं वाटायला लागलंय. एकच. कोणता घ्यावा? आणि कळ्या जांभळट होऊन गळतात असं बहिणीकडे होतं, ते काय?

अंगणवेल (जळगाव)

गजऱ्यासाठी मदनबाण, लांब टोकदार कळी, वास दूरवर जातो. देवासाठी आणि नुसतं बघायला बटमोगरा, गोल, भरगच्च, पण फुलं कमी. एकच घ्यायचा तर मदनबाण. टेरेसवर नको, जमिनीत लावा, पूर्व-दक्षिणेला. पाणी निम्मं लागेल.

जांभळी कळी म्हणजे बहुतेक कळीत शिरलेली अळी. कळीला बारीक भोक दिसेल. अशा कळ्या झाडाखाली पडू देऊ नका, रोज वेचून जाळा. खालची माती हलवत राहा, किडीचे कोष तिथेच असतात. वर निंबोळी अर्क. पानांवर बारीक ठिपके आणि जाळी असेल तर तो लाल कोळी, कोरड्या उन्हात येतो. पानांना खालून पाण्यानं धुतलं तरी अर्धा जातो. त्याच्यावर गंधक मारा म्हणून कुणी सांगेल, ते आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मारू नका, पानं भाजतात.

नुसताच_वाचक (पारोळा)

रोप आणू की काडी लावू? आता लावली तर चालेल?

केळीबाग (फैजपूर)

आता नको. मृगाचा पाऊस स्थिरावला की काडी लावा. पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या, पानं दोनच ठेवा, तीही निम्मी कापा. वाळू जास्त असलेल्या मातीत दोन डोळे आत, सावलीत. किंवा सोपं म्हणजे झाडाचीच खालची फांदी वाकवून मातीत दाबा, वर दगड ठेवा, मुळ्या फुटल्या की तोडा. दाब कलम फसत नाही.

जुलैत माझ्याकडे मदनबाणाची छाटणी निघेल. पारोळ्याहून फैजपूरला येणं झालं तर काड्या घेऊन जा. जळगावच्या दोघांनीही सांगून ठेवा, म्हणजे एकदमच काढतो. ओलं गोणपाट आपापलं आणा, माझ्याकडचं सगळं केळीच्या घडांना जातं.

गच्चीबहाद्दर (जळगाव)

माझ्या चार काड्या धरा. ताई, तुम्ही निघालात तर माझ्या गाडीत जागा आहे. येताना बामणोदची भरताची वांगीही घेऊ.